शेमा : पाठ असलेली प्रार्थना

शास्त्रभाग : अनुवाद ६:४-९, मार्क १२:२८-३४

आम्ही उज्जैनला टावर चौकाजवळ राहणारी मराठी माणसे. येथे उंबरा ओलांडला की हिंदी सुरू होते. मुले शाळेत हिंदीत किंवा इंग्रजीत शिकतात आणि प्रभूची प्रार्थना मात्र घरी मराठीत पाठ करतात. अर्थ पुरता कळत नाही तर पाठ करून घेण्यात काय हशील, असे पालक विचारतात. शिवाय पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, मनातून आपोआप निघते तीच खरी, हे तर आपल्या मंडळ्यांत नेहमीच ऐकू येते. ह्या प्रश्नाचा विचार करताना यहूदी लोकांची, आणि त्यांतही आपलीच भाषा बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांची प्रार्थना पाहणे उपयोगी पडेल.

'शेमा' म्हणजे 'ऐक'. अनुवादाच्या सहाव्या अध्यायातील ज्या वचनाने देवाचे एकत्व सांगितले आहे, त्याचा हा पहिला शब्द. त्याला अनुवाद ११:१३-२१ आणि गणना १५:३७-४१ हे दोन भाग जोडून यहूदी मनुष्य सकाळी व रात्री ते म्हणतो. पहिले वचन म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकतो, मन इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. गंमत अशी की ह्या प्रार्थनेत मागणे एकही नाही. येथे देव बोलतो आणि माणूस ऐकतो. सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभू येशूने आरंभ ह्याच वचनाने केला, हे आपण विसरतो.

आता कोकणात येऊ. बेने इस्राएल लोकांची परंपरा अशी की त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. हिब्रू भाषा विसरली, प्रार्थनाविधी विसरले. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शेमा एवढे मात्र राहिले. सुंता असो, लग्न असो, जी एक प्रार्थना येत होती तीच ते म्हणत. तिच्या प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांना सांगता आला नसता. पण आपण कोणाचे हे त्या शब्दांनी त्यांना विसरू दिले नाही. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्यांनी मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले सभास्थान बांधले, तेव्हा बाकीच्या प्रार्थना पुन्हा शिकण्याची सोय झाली.

त्या बाकीच्या प्रार्थनांत मुख्य ती 'अमिदा', म्हणजे उभ्याने म्हणायची. दिवसातून तीन वेळा, पाय जुळवून, यरुशलेमेकडे तोंड करून ती म्हणतात. दानीएल ६:१० शी ताडून पाहावे. आपल्या देशातून ती दिशा पश्चिमेची. रोजच्या अमिदेत एकोणीस आशीर्वचने असतात. ओठ हलतात, पण आवाज शेजाऱ्याला ऐकू जाऊ नये; हा धडा रब्बींनी हन्नेपासून घेतला (१ शमुवेल १:१३).

मग हे सारे यांत्रिक होत नाही काय? होते, आणि रब्बींनाही ते ठाऊक होते. मिश्नामध्ये रब्बी एलिएझर ह्यांचे मत आहे की जो आपली प्रार्थना ठरीव काम करून टाकतो त्याची ती विनवणी राहत नाही. पूर्वीचे भक्तिमान लोक मन देवाकडे लागावे म्हणून प्रार्थनेआधी घटकाभर स्वस्थ थांबत, असेही तेथे सांगितले आहे. आणखी एक उदाहरण आम्हांला फार मोलाचे वाटते. गावात शिरताना आक्रोश ऐकू आला, आणि कोणी म्हटले, 'देवा, हे माझ्या घरी नसो', तर ती प्रार्थना व्यर्थ. जे घडायचे ते घडून गेले आहे. आणि दुसरे असे की त्या मागण्यात संकट शेजाऱ्याच्या घरी लोटले जाते, असे आम्हांला वाटते. मनातून आपोआप निघालेलीच प्रार्थना ही!

भाषेविषयी मिश्ना उदार आहे : शेमा, अमिदा आणि जेवणानंतरचे उपकारस्मरण कोणत्याही भाषेत चालते. डॉ. जॉन विल्सन ह्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांच्या शाळांतून बेने इस्राएल पुष्कळ शिकले, ख्रिस्ती मात्र फारच थोडे झाले. त्या शिक्षणाने ते आपल्याच प्रार्थनांकडे वळले, हे प्रांजळपणे मान्य करावे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह निघाली, आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर ह्यांनी कितीतरी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या.

वर्ग घेताना शिक्षकांनी प्रथम अनुवाद ६:७ वाचून घ्यावे. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना : ह्यांत सभास्थानाचा उल्लेखच नाही. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएल देशात गेली. सार्वजनिक उपासनेला जुन्या रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि कोकणातील लहान सभास्थानांत तेवढे जमणे कठीण झाले. शेमाला मात्र दहा लागत नाहीत. मूल बोलू लागले की बापाने ते शिकवावे अशी रब्बींची सूचना आहे, आणि मरणाच्या वेळीही ओठांवर तेच असावे अशी रीत आहे.