फ्लूची लस : आडसाली लागणीआधी ठरवायची गोष्ट



या पानावर आपण नेहमी बेणे, खते, पाणी आणि हुमणी यांविषयी बोलतो. या खेपेस विषय निराळा आहे, पण तोही हंगामाशी बांधलेलाच आहे. लागण नोंदीच्या कामासाठी गटात फिरत असताना एका सभासदाने बांधावरच विचारले, "साहेब, थोरला मुंबईला माहुलला असतो. पावसाळ्यात आबा त्याच्याकडे जातात. तो म्हणतो, आबांना येताना फ्लूची लस टोचून आणा. आबांना दमा आहे, साखर आहे. दोन हजाराचं इंजेक्शन म्हणतात. द्यावी का उगंच खर्च?"

मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. औषध कोणते घ्यावे हे सांगणे माझे काम नाही. पण हाच प्रश्न त्यानंतर आणखी दोन-तीन ठिकाणी निघाला, म्हणून जाणकारांकडून समजावून घेतले, थोडे वाचन केले, आणि ते येथे मांडत आहे.

फ्लू म्हणजे पडसे नव्हे

आपल्याकडे नाक गळाले, अंग दुखले की "फ्लू झालाय" म्हणायची सवय आहे. तेथूनच घोटाळा सुरू होतो. साधे पडसे कितीतरी निरनिराळ्या विषाणूंमुळे होते आणि चार दिवसांत जाते. फ्लू हा इन्फ्लुएंझा नावाच्या विषाणूचा आजार आहे. तो एकाएकी येतो. सकाळी बैल जुंपणारा माणूस संध्याकाळी अंथरुणावर पडतो. कडक ताप, कोरडा खोकला, हाडे फोडल्यासारखे अंग दुखते. धडधाकट माणूस आठ दिवसांत उठतो, पण अशक्तपणा पंधरा-पंधरा दिवस जात नाही. ज्याची छाती, हृदय किंवा मूत्रपिंडे आधीच कमजोर आहेत, त्याच्या बाबतीत मात्र गोष्ट न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. कॅनडातील २०१८ सालच्या एका अभ्यासात असे दिसले की, फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहा पटींनी वाढतो.

आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या काळातील 'मानमोडी' पुष्कळांनी ऐकली असेल. ती हीच. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत गोदीच्या आसपास तिची सुरुवात दिसली. पावसाने ओढ दिली त्याच साली सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट गावोगाव पसरली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची कमावती माणसे फार होती. काढणीला हात उरले नव्हते. अलीकडचे सांगायचे तर २००९ चा स्वाइन फ्लू. देशातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधून लोक एस.टी.त बसू लागले. तो विषाणू नंतर गेला नाही, दरसालच्या फ्लूत मिसळून गेला. २०१५ साली आपल्या राज्यात आठ हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि नऊशेच्या आसपास माणसे दगावली. २०१७ सालीही सातशेच्या वर मृत्यू झाले. नोंद होते ती तपासणी झालेल्यांची. गावात "तापाने गेला" म्हणून सोडून दिलेले यात धरलेले नाहीत.

आपल्याकडे फ्लू केव्हा येतो?

ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण सगळा हिशेब हिच्यावर आहे. युरोप-अमेरिकेत फ्लू थंडीत येतो, म्हणून तिकडे लस दिवाळीच्या सुमारास टोचतात. महाराष्ट्रात तो मुख्यतः पावसाबरोबर येतो. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा जोर. दुसरी, बहुधा लहान, उसळी जानेवारी ते मार्चमध्ये दिसते. २०१५ साली मात्र ही दुसरीच मोठी ठरली होती.

आता आपले वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. १५ जुलै ते १५ ऑगस्ट आडसाली लागण. सरी पडलेली, बेणे तोडून बांधावर आलेले, मजूर ठरलेले, आणि घरातला कर्ता माणूस तापाने आडवा! जानेवारी-मार्चमध्ये गळीत जोरात असते, तोडणी टोळ्या कोप्यांत दाटीवाटीने राहतात, एकाचा खोकला सगळ्या तांड्याला लागतो.

लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्यासाठी योग्य वेळ एप्रिल-मे, फार तर जूनचा पहिला पंधरवडा. पट्टा पडला, उसाचे बिल जमा झाले, लग्नसराई चालू आहे, तेव्हाच हे उरकावे. साथ आल्यावर धावणे म्हणजे काणी शेतभर दिसू लागल्यावर बेणेप्रक्रियेचे औषध शोधण्यासारखे आहे.

लस काय करते, काय करीत नाही

काणीचा विषय निघालाच आहे तर त्यावरूनच सांगतो. आपण १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम घालून त्यात टिपरी दहा मिनिटे बुडवतो. एवढे करूनही एखाद्या बेटात चाबूक निघतोच. म्हणून कोणी बेणेप्रक्रिया सोडत नाही. कारण न केलेल्या रानात किती निघतो हे आपण पाहिलेले आहे.

फ्लूच्या लसीचे तसेच आहे. लस त्या सालच्या विषाणूशी चांगली जुळली तर फ्लूने डॉक्टरकडे जाण्याची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. शंभर टक्के नाही. वयस्कर माणसांत गुण आणखी कमी येतो. पण लस घेऊनही फ्लू झाला, तर तो दवाखान्यात भरती होण्यापर्यंत किंवा अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता घटते. माझ्या मते खर्च करायचा तो यासाठी. पडसे टाळण्यासाठी ही लस नाहीच. त्यामुळे "मागल्या साली घेतली तरी नाक गळलंच" ही तक्रार लसीच्या खात्यावर टाकता येत नाही.

दरसाल का घ्यायची? विषाणू आपले रूप बदलत राहतो, आणि मिळालेली शक्तीही काही महिन्यांत ओसरते. को ७४० ही जात एके काळी सगळ्या महाराष्ट्राच्या रानात होती, तिला काणीने गाठले आणि आपल्याला जात बदलावी लागली. येथे बदल इतका भराभर होतो की जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते प्रकार घालायचे ते जाहीर करते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. देशोदेशींच्या प्रयोगशाळा त्यासाठी नमुने तपासतात, त्यांत आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. आपण टोचून घेताना एवढेच पाहावे की मिळणाऱ्यांतली सर्वांत नवी लस आहे ना. वेष्टनावरचे साल आणि मुदत वाचून घ्यावी, जशी खताच्या पोत्यावरची आपण वाचतो. (वाचतो ना?)

माहुलचे काय?

त्या सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ. माहुल हे चेंबूरच्या पलीकडे खाडीकाठी वसलेले जुने कोळ्यांचे गाव. आज त्याच्या अंगाला लागून तेलशुद्धीकरणाचे मोठे कारखाने आहेत. तेथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ सालीच म्हटले. तानसा जलवाहिनीच्या कडेने उठवलेल्या कुटुंबांना २०१७ पासून तेथील इमारतींत नेण्यात आले, आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा पंधरा हजार रुपये भाडे देण्याचा आदेश दिला. तेव्हा मुलगा म्हणतो ते उगीच नाही.

आबांच्या बाजूने पाहा. वय ६५ च्या वर. दमा. मधुमेह. यांतले एकेक कारणसुद्धा लस घेण्यास पुरेसे मानतात. त्यात पावसाळ्याचे तीन महिने दमकोंडीच्या हवेत, लहान खोलीत, शाळेत जाणाऱ्या नातवंडांबरोबर राहायचे. फ्लू घरात आणण्यात शाळेची मुले पहिली. माझे उत्तर असे की, आबांना लस द्यावी, आणि मुंबईला निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी, येथेच द्यावी. मात्र लसीने माहुलची हवा सुधारत नाही. दम्याचा पंप रोजच्या रोज चालू ठेवायचा, आणि शक्य असेल तर या साली आबांनी पावसाळा गावीच काढावा. हे शेवटचे मी त्या सभासदालाही सांगितले. तो हसला. नातवंडांपुढे आबा कोणाचे ऐकतात!

पैसे थोडे असतील तर आधी कोणाला?

खासगी दवाखान्यात एका डोसला साधारण दीड ते दोन हजार रुपये पडतात. म्हणजे तोडणी-वाहतूक वजा जाता अर्ध्या-पाऊण टन उसाचे पैसे. सहा माणसांच्या घरात सगळ्यांना टोचायचे म्हटले तर चार टन ऊस गेला. प्रत्येकाला ते झेपणार नाही, आणि प्रत्येकाला तेवढी निकडही नाही.

पहिला मान गरोदर सुनेला किंवा लेकीला. गरोदरपणात फ्लू जड जातो, शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. आईने घेतली तर तिच्याकडून बाळालाही काही संरक्षण मिळते. त्यानंतर म्हातारी माणसे, दमा, मधुमेह, हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण. मग पाच वर्षांखालची मुले. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच घेत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, हे खर्चात धरावे. तिशीतला धडधाकट गडी, ज्याच्या घरात असे कोणी नाही, त्याने नाही घेतली तर मी त्याला बोल लावणार नाही.

ही लस सरकारच्या नेहमीच्या लसीकरणात नाही. तरी २०१५ च्या साथीनंतर राज्य सरकारने गरोदर स्त्रिया, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण यांना सरकारी दवाखान्यांतून ती मोफत देण्यास सुरुवात केली. म्हणून खासगीत पैसे मोजण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात साठा आहे का, हे विचारून घ्यावे. आशाताईंना ठाऊक असते. तोडणी टोळ्यांतील गरोदर बायांसाठीही मुकादमांनी हे विचारावे. त्या परगावच्या असल्या तरी राज्य एकच आहे.

चार शंका

"कोरोनाची घेतली, आता ही कशाला?" तो विषाणू वेगळा, हा वेगळा. एकीचा दुसऱ्यावर उपयोग नाही.

"लसीनेच ताप येतो." टोचायच्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण वाटते, इतकेच. हातपाय लुळे पडण्याचा एक दुर्मिळ आजार दहा लाख डोसांमागे एक-दोघांत आढळल्याचे सांगतात. तो पूर्वी झालेला असेल, किंवा आधीच्या डोसाने अंगावर भयंकर गांधी येऊन श्वास कोंडला असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगितलेच पाहिजे. अंगात ताप असेल त्या दिवशी घेऊ नये.

"आम्ही रानात राबणारी माणसं, आम्हाला काय होतंय?" मानमोडीत गेलेले बहुतेक रानातच राबत होते.

"झाला तर सलाईन लावू." सलाईनने तरतरी येते, फ्लू जात नाही. जंतूंवरच्या गोळ्याही विषाणूवर चालत नाहीत. फ्लूवरचे औषध ऑसेल्टामिविर, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे आणि शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू व्हायला हवे. घरात जोखमीचा माणूस असेल तर ताप आल्यावर तीन दिवस वाट पाहत बसू नये. धाप लागली, ओठ निळसर पडले, माणूस गुंगीत गेला तर रात्र असो की पाऊस, गाडी काढावी.

एक लहान पण कामाची गोष्ट. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसच्या थंडीत ठेवावी लागते. शहरातून पिशवीत घालून, एस.टी.ने चार तास उन्हात आणलेली लस टोचून पैसे वाया घालवू नयेत. जेथे ठेवलेली आहे तेथेच जाऊन घ्यावी. आणि मे महिना हातचा गेलाच, तर जोखमीच्या माणसाने जुलैतही घ्यायला हरकत नाही. साथ सप्टेंबरपर्यंत चालते.

— ऊस विकास अधिकारी