अतिसूक्ष्म जस्तकण आणि तळ्यातील शेवाळ
तळ्यातील पाण्यास हिरवी झाक आणणारे सूक्ष्म शेवाळ पुष्कळांस निरुपयोगी वाटते. परंतु पाण्यात प्राणवायू सोडणारे व मत्स्यबीजाच्या अन्नाचा पाया असलेले तेच होय. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान कण, त्यास घातक ठरतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हजार लिटर पाण्यामागे अवघे ६० मिलिग्रॅम जस्त या प्रमाणात, ७२ तासांत अशा शेवाळाची वाढ निम्मीच झाली. मौज अशी की, साध्या भुकटीचा परिणामही जवळजवळ तितकाच आढळला. कारण मारक ठरले ते पाण्यात विरघळलेले जस्त. तेव्हा जस्तयुक्त द्रावण साधे असो वा नॅनो, फवारणीचा पंप तळ्यात धुऊ नये. धुवण तळ्याच्या उतारापासून दूर, पडीक जमिनीवर ओतावे.