तिन्हीसांजेला जाणारं नेट

आमच्या घरातला राउटर कधीच बिघडला नव्हता. पहिलाही नाही आणि कंपनीने गळ्यात मारलेला दुसराही नाही. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पाच आठवडे मी याच्या उलट ऐकून घेतलं आहे.

अंजनवेलला घरी बसून मी शृंगारतळी आणि गुहागरच्या अकरा दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरते. दर महिन्याची ११ आणि २० तारीख म्हणजे काय, ते हे काम करणाऱ्याला सांगायला नको. त्यासाठीच गणपतीच्या आधी घरात फायबर घेतली. जोडणी करणाऱ्या मुलाने भिंतीला भोक पाडलं नाही. माजघराची खिडकी उघडली, चौकटीवरून केबल आत ओढली, खाली पेटी लावली आणि वीस मिनिटांत निघून गेला. मी विचारलं होतं, "अरे, खिडकीतून केबल चालेल का?" त्यावर "काही होत नाही, काकू" एवढंच उत्तर मिळालं.

दोन महिने खरंच काही झालं नाही. दिवाळीच्या पाडव्याला संध्याकाळी पहिल्यांदा नेट गेलं आणि सकाळी आपोआप आलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर उत्तम, आणि तिन्हीसांज झाली की पेटीवर 'एलओएस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकायला लागायचा.

मी तक्रार केली. पलीकडून आवाज आला, "मॅडम, एक बार राउटर बंद करके चालू कीजिए." तेही केलं. रोज केलं. मग सांगितलं, संध्याकाळी लोड असतो. लोड असला की नेट मंद होतं, लाल दिवा लागत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. त्यांना तरी ठाऊक असायला हवं होतं.

तो मुलगा तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा भर दुपारी आला. पेटीवर हिरवे दिवे बघून म्हणायचा, "सगळं तर चालतंय." एकदा म्हणाला, समुद्राकाठची खारी हवा आहे, लाइन खराब होणारच. जुन्या टेलिफोनची तांब्याची तार खाऱ्या हवेने खराब व्हायची, ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण फायबर म्हणजे काच, आणि काचेला गंज चढत नाही. तिसऱ्या वेळी तर सासूबाईंच्या समोर म्हणाला, "तुमच्याच घरातलं कोणीतरी वायरीला हात लावतंय." हे वाक्य मी विसरलेले नाही.

मधे एकदा फोनवरच्या माणसाने पेटीच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबायला सांगितलं. मी विश्वासाने दाबली. पेटीतलं कंपनीचं युजरनेम आणि पासवर्ड पुसलं गेलं, आणि जे नेट निदान दिवसा चालत होतं तेही चार दिवस बंद पडलं. पुन्हा माहिती भरायला माणूस यायचा होता. तो येण्याआधीच "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज आला. सोडवली कोणी?

नोव्हेंबरच्या २० तारखेला तीन रिटर्न उरले होते. दिवसभर त्या तिघांकडून आकडेच आले नव्हते, ते आले साडेसहाला. नेट सातच्या आत गेलं. आमच्या वाडीत मोबाइलची रेंज धड नाही, म्हणून लॅपटॉप घेऊन गोपाळगडाच्या रस्त्याने चढावर गेले. खाली खाडी, पलीकडे दाभोळचे दिवे, आणि मी दगडावर बसून ओटीपीची वाट बघते आहे. मुदतीच्या रात्री पोर्टलवर झुंबड असते. तिन्ही रिटर्न दुसऱ्या दिवसावर गेले. दिवसाचे ५० प्रमाणे दीडशे रुपये मी पदरचे भरले. पैशांचं काही नाही, पण तीन गिऱ्हाइकांच्या नावापुढे उशिराची नोंद लागली. ती माझ्यामुळे लागली, असंच ते धरून चालणार.

त्यानंतर राउटर बदला म्हणाले. २,४०० रुपये घेतले. नवी पेटी लागली त्याच संध्याकाळी लाल दिवा पुन्हा हजर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई धोपाव्याहून फेरीने दाभोळला बहिणीकडे गेल्या. त्या दिवशी मी कामात गढले होते. घड्याळात पाहिलं तर आठ वाजून गेलेले, आणि नेट चालू! पाच आठवड्यांत हे झालं नव्हतं. पायाला डास चावत होते, म्हणून उठले, माजघराची खिडकी ओढली, कडी लावली आणि वळले. पेटीवरचा हिरवा दिवा गेला आणि शेजारचा लाल लागला.

मी तिथेच उभी राहिले. कडी काढली, झडप ढकलली. मिनिटभरात हिरवा. पुन्हा लावली, लाल. चार वेळा केलं आणि चौथ्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढला. रोज तुळशीपाशी दिवा लावण्याआधी सासूबाई घराच्या खिडक्या लावतात, डास येऊ नयेत म्हणून. जोडणी झाली तेव्हा पाऊस होता, लाकूड फुगलेलं होतं, झडप पुरती बसतच नव्हती आणि त्या फटीत केबल सुखाने होती. दिवाळीपर्यंत लाकूड सुकलं, झडप घट्ट बसायला लागली आणि केबल रोज रात्री चौकटीत चेपली जाऊ लागली. सासूबाई परत आल्यावर त्यांना मी पहिलं हेच सांगितलं, की घरातल्या कोणीही वायरीला हात लावलेला नव्हता.

पुण्याच्या भाच्याने फोनवरून पेटीचं सेटिंगचं पान उघडायला लावलं. तिथे येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. खिडकी उघडी असताना उणे २२. साधारण उणे २७ पर्यंत पेटी तग धरते, त्याखाली प्रकाश तिला ओळखूच येत नाही. खिडकी लावली की आकडाच नाहीसा व्हायचा. काच फार वाकली की आतला प्रकाश वळणातून बाहेर सांडतो, एवढं साधं कारण होतं.

मी व्हिडिओ पाठवला. त्या मुलाचं उत्तर आलं, "मग खिडकी लावू नका ना." दिलगिरीचा एक शब्द नाही. पुढे आला तेव्हा मी लाल लेझरचा पेन लावून दाखवायला सांगितलं. तो पेन त्याच्या पिशवीत होताच, तिन्ही वेळा असणार. चौकटीपाशी केबलच्या पांढऱ्या सालीतून लाल ठिपका स्पष्ट दिसला. भिंतीला भोक गावातल्या गवंड्याकडून मी पाडून घेतलं, आणि केबल कापून नवा हिरवा कनेक्टर लावायचे ५०० रुपयेही मीच दिले.

आता तुमच्यासाठी.

आधी दिवे वाचा. 'एलओएस' लाल असेल तर पेटीपर्यंत प्रकाशच येत नाही. दोष केबलीत, जोडात किंवा बाहेरच्या लाइनीत आहे, राउटर शंभर वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. 'पॉन' हिरवा स्थिर आहे पण इंटरनेटचा दिवा नाही, तर रिचार्ज किंवा युजरनेम-पासवर्ड तपासा. सगळे दिवे ठीक आणि फक्त मोबाइलला नेट नाही, तर पेटीला लॅपटॉप वायरने जोडून बघा. वायरने चालत असेल तर दोष वाय-फायचा. जांभ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय फार लांब पोचत नाही, आतल्या खोलीसाठी २.४ वापरा.

बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. टाचणीचं भोक दाबायला सांगितलं, तर आधी युजरनेम-पासवर्ड मागून वहीत लिहून घ्या. देत नसतील तर दाबू नका.

वेळांची नोंद ठेवा: नेट कधी गेलं, कधी आलं, आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं. खिडकी, दार, पंप, मिक्सर, पाऊस, वारा, सगळं. मी नुसत्या वेळा लिहिल्या, खिडकी लिहिली नाही, म्हणून पाच आठवडे गेले. बिघाड संध्याकाळी होत असेल तर माणूस संध्याकाळीच बोलवा. दुपारी येतो म्हणाला तर नको म्हणा.

केबल खिडकीतून, दाराच्या फटीतून घेऊ देऊ नका. भिंतीचं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा आणि आत शिरण्याआधी केबलीला खाली झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोळावरूनच गळेल. जास्तीची केबल गुंडाळताना वेढा बांगडीपेक्षा लहान नको. खिळ्याला करकचून बांधू नका. उघड्या टोकात डोळा लावून बघू नका, आतला प्रकाश दिसत नाही पण असतो. विजा चमकत असतील तर अडॅप्टर आणि लॅनची वायर काढून ठेवा.

नवा राउटर विकत घेण्याआधी त्यांच्याकडचा चालू राउटर एक रात्र लावून मागा. हे मला कोणी सांगितलं असतं तर २,४०० वाचले असते.

प्रत्येक तक्रारीचा डॉकेट नंबर घ्या. काम होऊन एक संध्याकाळ जाईपर्यंत तक्रार बंद करायचा ओटीपी देऊ नका. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे फुकट अपील करता येतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. टेलिफोन कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पावत्या जपून ठेवा आणि शांतपणे बोला. मला ते दर वेळी जमलं नाही.

मी अपील केलं आहे. मागणी दोनच: राउटरचे पैसे परत, आणि घरातलं कोणीतरी वायरीला हात लावतंय हे त्यांच्या नोंदीत लिहिलेलं वाक्य खोडणं. पहिली मान्य झाली नाही तरी चालेल, दुसरी मी सोडणार नाही.