मुलाचं क्रेडिट कार्ड, वडिलांचं किसान कार्ड आणि साहेबांचं चार्ज कार्ड

प्रश्न : नारायणगावजवळ आमची थोडी बागायत आहे. टोमॅटो, कांदा आणि बांधाला लागून ऊस. माझ्याकडे किसान क्रेडिट कार्ड आहे. थोरला मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला बँकेनं क्रेडिट कार्ड दिलंय. त्याचे साहेब म्हणतात, चार्ज कार्ड घ्या, त्यात व्याजाची भानगडच नाही. या तिन्हींत फरक काय? किराणा, पेट्रोल, दवाखाना यांसाठी आम्ही कोणतं वापरावं?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : साहेबांचं म्हणणं अर्धं खरं आहे. चार्ज कार्डावर महिनाभर जो खर्च होईल, त्याचं बिल एकरकमी भरावं लागतं. थोडे आज, बाकीचे पुढच्या महिन्यात, अशी सवड तिथं नसते. त्यामुळे बाकीवर महिनोन्‌महिने व्याज चढत नाही. मात्र तारीख हुकली की दंड बसतो आणि कार्डही बंद पडू शकतं. आपल्याकडे अशी कार्डं मोजकीच आहेत. त्यात अमेरिकन एक्स्प्रेसचं नाव मोठं, पण त्यांच्या प्लॅटिनम कार्डाची वर्षाची फीच साठ हजारांच्या वर जाते. सतत विमानानं फिरणाऱ्यांना, मोठ्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना ते परवडतं. जुन्नर-आंबेगावात किराणा भरायला त्याचा काही उपयोग नाही.

खरं तर चार्ज आणि क्रेडिट या दोन कार्डांत चार्ज कार्ड आधीचं. १९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लब सुरू झाला, तो हॉटेलांची बिलं महिनाअखेर एकत्र चुकती करण्यासाठी. १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेनं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो या शेतीच्या मुलखातल्या गावी साठेक हजार लोकांना टपालानं कार्डं धाडली. बिलातली बाकी पुढं ढकलायची मुभा त्या कार्डावर होती. बँकांची खरी कमाई या मुभेतून सुरू झाली आणि ती आजही तिथूनच होते. भारतात डायनर्स क्लब १९६१ मध्ये आला, तर सेंट्रल बँकेनं १९८० मध्ये आपलं कार्ड काढलं.

आता मुलाचं क्रेडिट कार्ड. त्याच्या बिलावर दोन आकडे छापलेले असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. घात होतो तो या दुसऱ्या आकड्यानं. समजा, बिल २०,००० रुपयांचं आलं आणि त्यानं किमान म्हणून १,००० रुपये भरले. उरलेल्या १९,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज झालं आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी सुमारे १२० रुपये. पुढचं बिल १९,७८५ रुपयांचं. हजार रुपये भरले, पण कर्ज उतरलं जेमतेम २१५ रुपयांनी! प्रत्यक्षात व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे आकडा याहून वाईटच निघतो. त्यावर कडी म्हणजे, बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. काल भरलेल्या पेट्रोलवर कालपासूनच व्याज चालू होतं.

महिना साडेतीन म्हणजे वर्षाला ४२ टक्के. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांच्या वरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २० डिसेंबर २०२४ रोजी तो निकाल रद्द केला. त्यामुळे ती कमाल मर्यादा आता उरलेली नाही, राखायचं आपलं आपणच. एवढं मात्र आहे की रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही, आणि बाकी चुकती करून कार्ड बंद करायला सांगितल्यावर बँकेला ते सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं. नाहीतर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात.

तुमचं किसान क्रेडिट कार्ड या दोघांच्या जातकुळीतलंच नव्हे. १९९८ पासूनची ती पीककर्जाची सोय आहे. उचल केल्या दिवसापासून व्याज धरतात, पण ३ लाखांपर्यंत दर ७ टक्के आणि वेळेत फेडलं तर केंद्राची ३ टक्के सूट. उरलेला भार राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना उचलते, म्हणून मुदतीत पूर्ण फेडणाऱ्याला ते शून्य टक्क्यानं पडतं. म्हणजे नाव क्रेडिट कार्डाचं असलं तरी शिस्त चार्ज कार्डाची : मुदतीत सगळं भरलं तरच फायदा. फरक एवढाच की मुदत महिन्याची नसून हंगामाची आहे. या मर्यादेत पीकखर्चाच्या १० टक्के रक्कम घरखर्चासाठी धरलेली असते, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. सोसायटीत किंवा बँकेत विचारून घ्या.

माझं मत विचाराल तर कार्ड निवडताना आधी घरात पैसा कोणत्या पावलांनी येतो ते पाहावं. मुलाचा पगार दरमहा होतो, बिलही दरमहा येतं. त्याचा मेळ बसतो. त्यानं वार्षिक फी नसलेलं साधं क्रेडिट कार्ड ठेवावं, चार्ज कार्ड असल्यासारखं वापरावं आणि बँकेत ऑटो-डेबिट लावून घ्यावं. अर्ज भरताना ‘टोटल अमाउंट ड्यू’वर खूण करावी, ‘मिनिमम’वर नाही. एटीएममधून या कार्डावर रोकड काढू नये. तिथं शुल्कही लागतं आणि पहिल्या दिवसापासून व्याजही.

तुमचं गणित वेगळं. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं क्रेट दोन हजारांच्या वर गेलं होतं, आणि तोडणीची मजुरीही न सुटलेले हंगाम तुम्ही पाहिलेच आहेत. उसाचा हप्ता कधी पडेल ते कारखान्याच्या हाती. असा पैसा दर महिन्याच्या ठरल्या तारखेला हजर होत नाही. म्हणून खतं, औषधं, मल्चिंग पेपर यांची खरेदी मुलाच्या कार्डावर टाकू नका, ती किसान कार्डावरच असू द्या. गोठा असेल तर दुधाचं बिल दर दहा दिवसांनी येतं. किराणा, पेट्रोल त्यात बसेल तेवढंच ठेवा. दवाखान्यासारखी अडचण अचानक आलीच, तर मुलाचं कार्ड वापरायला हरकत नाही, पण बिलाच्या तारखेआधी तेवढी रक्कम कुठून येणार हे त्याच दिवशी दोघांनी बसून ठरवा.

आणि मार्चअखेर नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलताना, चार दिवसांसाठी क्रेडिट कार्डावरून रोकड काढून सोसायटीचं कर्ज भरायचं, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. शुल्क आणि व्याज त्या चार दिवसांतही लागतं, आणि नवं कर्ज मंजूर व्हायला बऱ्याचदा चारपेक्षा जास्त दिवस जातात. त्यापेक्षा कांद्याचे, उसाचे पैसे येतील तसे डिसेंबरपासूनच थोडेथोडे कर्जखात्यात भरत चला. तसं भरता येतं, आणि पावती दर वेळी मागून घ्या.