इंजिनाचा दाब आणि पातळ गॅस्केट

आपल्या वैनगंगेच्या खोऱ्यात धानाच्या शेतावरील डिझेल इंजिन आणि रस्त्यावरील मोटारसायकल ही दोन्ही यंत्रे सर्वांच्या परिचयाची आहेत. त्यांची शक्ती वाढविण्यासाठी ‘पातळ गॅस्केट घाला, हेड घासून घ्या’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, हे गणिताच्या आधारे पाहू.

दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरात असणारी एकूण जागा आणि तो माथ्याशी आल्यावर उरणारी जागा यांच्या प्रमाणास संपीडन-गुणोत्तर म्हणतात. समजा, एका पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव प्रत्येकी ५० मिलिमीटर आहे. मग एका धावेत दट्ट्या सुमारे ९८ घन सेंटिमीटर जागा व्यापतो. माथ्याशी १४ घन सेंटिमीटर जागा उरत असल्यास गुणोत्तर ११२ भागिले १४, म्हणजे ८ होते. गॅस्केट अर्ध्या मिलिमीटरने पातळ घेतले, तर माथ्याची जागा १३ होते आणि गुणोत्तर सुमारे ८.५ वर जाते. हेडची सपाट बाजू घासल्यानेही जागा अशीच घटते.

यात लाभ किती? आदर्श ऑटो-चक्राच्या सूत्राप्रमाणे कार्यक्षमता ५६.५ टक्क्यांवरून केवळ ५७.६ टक्के होते. उलट धोका मोठा आहे. दाब वाढला की मिश्रण अधिक तापते. पेट्रोलचे ऑक्टेन कमी पडल्यास ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच कडेचे मिश्रण पेट घेते. ठोके ऐकू येऊ लागतात आणि दुर्लक्ष केल्यास दट्ट्या निकामी होतो. झडपा दट्ट्यावर आदळण्याचेही भय असते.

डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या यंत्रात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच तेल पेटते. म्हणून त्याचे गुणोत्तर सामान्यतः १५ ते २० च्या आसपास असते. पुण्यास १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि अशी इंजिने मराठी शेतकऱ्याच्या विहिरीवर परिचयाची झाली. त्यात जाड गॅस्केट बसविल्यास थंडीच्या सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही. फार पातळ बसविल्यास दट्ट्या हेडला ठोकतो.

तेव्हा निर्मात्याने नेमलेल्या जाडीचेच गॅस्केट घ्यावे, हेडचे बोल्ट सांगितलेल्या क्रमाने आवळावेत आणि घासण्यापूर्वी मापे घ्यावीत. विद्यार्थीमित्रहो, वरील उदाहरणात माथ्याची जागा १२ घन सेंटिमीटर झाली, तर गुणोत्तर किती होईल, ते स्वतः काढून पाहा. ऐन सिंचनाच्या दिवसांत इंजिन बंद पडले, तर उभे पीक वाळते. म्हणून हे गणित घरच्या वडीलधाऱ्यांनाही अवश्य सांगा.