रिस्टबँड कुणाला, कुणाला नाही
वाचकांचे प्रश्न : पैसा आणि ग्राहक

प्रश्न : आम्ही दोघे ठाण्याचे, पासष्टी ओलांडलेले. मुलगा आणि सून कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात. येत्या जूनमध्ये चार महिन्यांसाठी त्यांच्याकडे जातो आहोत. नातवंडांनी आतापासूनच सांता क्रूझच्या समुद्रकाठच्या बोर्डवॉकचा हट्ट धरला आहे. थोरला नऊ वर्षांचा, उंचीला जरा कमीच. धाकटी पाच वर्षांची. मुलगा म्हणतो, सहाही जणांचे रिस्टबँड आताच ऑनलाइन घेऊ, वीस टक्के सूट आहे. मला पाठीचा त्रास, ह्यांना चक्कर येते. आम्ही कशात बसणार? पण नको म्हटले की त्याला वाटते आम्ही पैशाकडे पाहतो. ही सहल नातवंडांना आमच्या खर्चाने द्यायची आहे, म्हणून विचारते : यात खरेच बचत आहे का? आणि आमच्या इथल्या कार्डाने पैसे भरावेत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पैशाकडे पाहाच, ताई. तुमचा मुलगा सुटीचा टक्का पाहतो आहे आणि तुम्ही कोण कशात बसणार ते पाहता आहात. या ठिकाणी तुमचीच रीत उपयोगाची आहे, कारण सांता क्रूझ बीच बोर्डवॉकला प्रवेशमूल्यच नाही. १९०७ साली सुरू झालेली ही जागा किनाऱ्याला लागून लांबच लांब पसरली आहे. एका बाजूला पाळणे, दुसऱ्या बाजूला वाळू आणि पॅसिफिक. कुणीही यावे, फिरावे, बसावे. पैसे मोजायचे ते राइडमध्ये बसताना : एकेका राइडचे सुटे, नाहीतर दिवसभर हव्या तितक्या राइडसाठी रिस्टबँडचे.

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या पार्कांत फाटकावरच सगळ्यांचे तिकीट फाडले जाते. दिवसभर बाकावर पिशव्या सांभाळत बसणाऱ्या आजीचेही. त्या सवयीने तुमचा मुलगा सहा हा आकडा धरतो आहे. सांता क्रूझला बाकावर बसायला काही पडत नाही. न बसणाऱ्यांसाठी दिवसभराचा रिस्टबँड घेणे म्हणजे उपवास असलेल्या माणसासाठी अनलिमिटेड थाळी मागवणे. तिच्यावर वीस टक्के सूट मिळाली तरी ऐंशी टक्के वायाच.

आता हिशेब. दर तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून मी गणितापुरते गोल आकडे धरतो. त्या दिवशीचे दर पाहून तुम्ही ते बदलून घ्या. समजा रिस्टबँड ५० डॉलरचा आहे, मोठ्या राइडला सुटे ८ डॉलर पडतात आणि साध्या राइडला ६. सहा रिस्टबँडचे ३०० डॉलर, वीस टक्के सूट धरून २४०. मुलगा म्हणेल, साठ वाचले.

दुसऱ्या पद्धतीने पाहू. दोन्ही मुलांना रिस्टबँड आणि त्यांच्याबरोबर बसणाऱ्या एका मोठ्या माणसाला तिसरा. हा तिसरा टाळू नका. लहान मुलांबरोबर बऱ्याच राइडमध्ये मोठे माणूस लागते आणि त्या मोठ्या माणसालाही पैसे पडतात. सुटीच्या दराने तिघांचे १२० डॉलर. दुसऱ्या पालकाला तीन मोठ्या राइड सुट्या, २४ डॉलर. तुम्हा दोघांना प्रत्येकी दोन साध्या राइड, तेही २४. एकूण १६८. म्हणजे २४० वरून आणखी ७२ डॉलर खाली आलो, आणि ही बचत मुलाच्या साठ डॉलरच्या सुटीहून मोठी आहे. ती सूट सोडायचीही गरज नाही. तीन रिस्टबँडवर ती घेतलीच आहे.

तुम्हा दोघांसाठी दोन राइड मुद्दाम धरल्या. काहीच न करता परत येऊ नका. तिथले लूफ कॅरोसेल १९११ सालचे आहे, लाकडात हाताने कोरलेल्या घोड्यांचे. बाहेरच्या रांगेतल्या घोड्यांवरची माणसे फिरता फिरता कडी ओढून घेतात आणि समोरच्या विदूषकाच्या तोंडात फेकतात. घोड्यावर चढणे जमणार नसेल तर रथासारखी बसायची जागाही आहे, ती वरखाली होत नाही. मात्र यजमानांची चक्कर गोल फिरण्याने वाढणारी असेल तर त्यांनी खाली उभे राहून फोटो काढावेत आणि स्काय ग्लायडरच्या पाळण्यात बसून वरून समुद्र पाहावा. जायंट डिपर हा लाकडी रोलरकोस्टर १९२४ चा. तो आणि कॅरोसेल या दोन्हींना १९८७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळाला. पाठदुखीवाल्यांनी डिपर लांबूनच पाहावा. बाजूला उभे राहून पाहायलाही पैसे पडत नाहीत, आणि त्याचा खडखडाट तर सगळ्यांनाच फुकट.

थोरल्याच्या उंचीबद्दल तुम्ही सहज लिहिलेत, पण अर्धा हिशेब तिथेच आहे. जायंट डिपरला किमान ५० इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर उंची लागते. नऊ वर्षांची मुले या रेषेच्या आसपासच घुटमळतात. आज रात्री सुनेला व्हिडिओ कॉलवर दाराच्या चौकटीशी मोजायला सांगा, बूट काढून. बुटांसकट मोजले आणि तिथल्या माणसाने काठी धरली की मुलाचा चेहरा पडतो आणि ५० डॉलरची सोय लहान पाळण्यांपुरती उरते. धाकटीला मोठ्या राइड बहुधा मिळणारच नाहीत. तिला काय काय चालते ते उंचीच्या तक्त्यात आधी पाहा. तिच्या जोग्या राइड मोजक्याच निघाल्या आणि ती दुपारी दोनला पेंगणारी असेल, तर तिलाही सुट्या राइड स्वस्त पडतील. सुट्या राइडसाठी पॉइंट विकत घ्यायचे असतात; त्यांचा फायदा असा की ते घरातल्या कुणालाही वापरता येतात. रिस्टबँड ज्याच्या मनगटावर, त्याचाच.

आणखी एक गोष्ट सुटीची जाहिरात सांगत नाही : रांग. आठ डॉलरच्या राइड धरल्या तर ४० डॉलरचा रिस्टबँड पाच राइडमध्ये वसूल होतो. मंगळवारी सकाळी हे दोन तासांत होईल. जुलैतल्या शनिवारी एकेका राइडला अर्धा तास रांग असेल तर चार तासांत सात-आठ राइड, त्यातही एक जेवण आणि दोन वेळा बाथरूम. महाग दिवशी घेतलेला रिस्टबँड कमी राइड देतो. उन्हाळ्यात राइड रोज चालू असतात. हिवाळ्यात त्या मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्यांना चालतात, पण तुम्ही जूनमध्ये जाताय तेव्हा ती अडचण नाही. मुलाला आठवड्याच्या मधली एक रजा टाकायला सांगा. त्या दिवशी सॅन होजेहून डोंगर ओलांडून येणाऱ्या महामार्ग १७ वरचा शनिवारचा खोळंबाही टळेल.

चार महिने राहणार आहात, तेव्हा नातवंडांसाठी सीझन पासचा दरही विचारा. त्याचा दर एका दिवसाच्या रिस्टबँडच्या दराने भागा. उत्तर अडीच आले आणि तुम्ही तीनदा जाणार असाल तर घ्या. ‘जाऊ की अधूनमधून’ या भरवशावर घेऊ नका. अधूनमधून जाण्यासाठी गाडी चालवणारा माणूस मोकळा लागतो. पार्किंगलाही पैसे पडतात आणि तेही दिवसागणिक बदलतात. सॅन होजेच्या डिरिडॉन स्टेशनवरून सांता क्रूझला सार्वजनिक बस जाते, ती दोघांना सोयीची पडेल. सहा जणांना मात्र गाडीच परवडते.

डबा न्या. समोरची वाळू सार्वजनिक आहे. पोळीभाजी, दहीभात तिथे बसून खा. फक्त समुद्रपक्ष्यांपासून डबा झाकून ठेवा, ते हातातला घास नेतात. खेळांचे स्टॉल आणि आर्केडचे पैसे रिस्टबँडमध्ये धरलेले नसतात. मऊ खेळणे जिंकण्याच्या नादात तिथे जे जाते ते तिकिटात वाचवलेले असते. नातवंडांना प्रत्येकी ठरावीक रक्कम हातात द्या, संपली की संपली.

आता तुमचे कार्ड. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परदेशी चलनातल्या खर्चावर साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लागतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. साडेतीन टक्केवाल्या कार्डावर हे चार टक्क्यांच्या थोडे वर जाते. म्हणजे वीस टक्के सुटीतला जवळजवळ सहावा हिस्सा बँकेने घेतला. मार्कअप नसलेले कार्ड असेल तर ते वापरा, नाहीतर पैसे मुलाच्या कार्डाने भरू द्या आणि तुम्ही नेलेले डॉलर त्याच्या हातात ठेवा. तो घेणार नाही म्हणेल. फ्रिजवर ठेवून या. कार्ड वापरलेच तर यंत्र विचारेल, रुपयांत भरायचे की डॉलरमध्ये. डॉलर निवडा. रुपयांचा पर्याय ओळखीचा वाटतो, पण तो दर दुकानाच्या बाजूचा असतो आणि बहुधा महाग. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नवे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंदच येते. ते निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून सुरू करून घ्या, सांता क्रूझच्या खिडकीवर उभे राहून ओटीपीची वाट पाहण्यात मजा नाही.

मुलाला सवलतीच हव्या असतील तर आधी सुनेच्या किंवा त्याच्या कंपनीचे कर्मचारी-सवलतींचे पान पाहायला सांगा. तिथल्या मोठ्या कंपन्यांत असे पान असते आणि ते कुणी उघडत नाही. एक कायदाही तुमच्या बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात जाहिरातीतल्या किमतीतच सक्तीची सगळी शुल्के धरावी लागतात. सरकारी कर तेवढे वेगळे लावता येतात. शेवटच्या पानावर ‘सेवा शुल्क’ उगवले तर खरेदी तिथेच थांबवा.

प्रश्न : एका तिकीट-ॲपवरून उपनगरातल्या वॉटर पार्कची चार तिकिटे काढली. दाखवलेली किंमत वेगळी आणि शेवटी भरलेली वेगळी. त्यात सुविधा शुल्क होते आणि ‘तिकीट संरक्षण’ नावाची एक रक्कम आधीच टिक केलेली होती, ती नंतर लक्षात आली. त्या दिवशी मुसळधार पाऊस म्हणून आम्ही गेलोच नाही. पैसे मागितले तर ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणाले. काय करता येईल?
– एक वाचक, विरार

उत्तर : तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि तिन्ही सारख्या भक्कम नाहीत.

आधीच टिक केलेली रक्कम ही सगळ्यात भक्कम. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार आधीच भरलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानता येत नाही. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्या, सांगितले आहेत, त्यात न विचारता टोपलीत वस्तू टाकणे हा एक आहे. ही रक्कम मागा आणि हेच शब्द वापरून मागा.

सुविधा शुल्क घेणे मुळात बेकायदा नाही. ते सुरुवातीला न सांगता शेवटच्या पानावर काढणे, याला त्याच मार्गदर्शक तत्त्वांत आक्षेप आहे. पहिल्या आणि शेवटच्या पानाचे स्क्रीनशॉट असतील तर तुमची बाजू उभी राहते. नसतील तर आज तेच तिकीट पुन्हा निवडून, पैसे न भरता, दोन्ही पानांचे फोटो घेऊन ठेवा.

पावसाचे मात्र अवघड आहे. पार्कने त्या दिवशी गेट बंद ठेवले असते तर सेवा दिलीच नाही असे म्हणता आले असते आणि ‘नॉन-रिफंडेबल’ या शब्दाच्या आड त्यांना लपता आले नसते. पार्क चालू होते, तुम्ही गेला नाहीत. यावर वेळ घालवू नका. वॉटर पार्कला पावसात न जाण्याचे कारण ग्राहक आयोगापुढे पटवणे तसेही कठीण.

आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर. लहान रकमा बहुधा इथेच सुटतात. नाही सुटल्या तर जिल्हा आयोग तुम्ही राहता त्या जिल्ह्यातलाही चालतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते, वकील लागतोच असे नाही.

प्रश्न : पार्कमध्ये बाहेरचे पाणीही नेऊ देत नाहीत आणि आत वीस रुपयांची बाटली साठला. हे चालते का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : कोण विकतो आहे त्यावर आहे. बसायला टेबल, वाढायला माणूस अशा रेस्तराँला छापील किमतीहून जास्त घेता येते; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेल-रेस्तराँच्या बाजूने तसा निकाल दिला, कारण तिथे पाण्याबरोबर सेवाही विकली जाते. पार्कमधल्या टपरीवरून हातात नुसती सीलबंद बाटली मिळत असेल तर तो आधार त्यांना सहज मिळत नाही. बिल मागा, न देणे हेच पुष्कळदा उत्तर असते. बिल मिळाले तर बाटलीवरच्या छापील किमतीच्या फोटोसह वैधमापन विभागाकडे तक्रार करा.

बाहेरचे खाणे अडवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी सिनेमागृहांना तो हक्क आहे म्हटले, पण पिण्याचे स्वच्छ पाणी मोफत ठेवले पाहिजे आणि लहान बाळांचे खाणे आणू दिले पाहिजे हेही नोंदवले. निकाल सिनेमागृहांचा आहे, पार्कला तो जसाच्या तसा लागू होत नाही. तरी गेटवर वाद घालण्याऐवजी ‘पिण्याचे पाणी कुठे आहे ते दाखवा’ एवढेच विचारा. बहुतेक पार्कांत नळ असतो, फक्त पाटी कोपऱ्यात असते. रिकामी बाटली नेली तर ती सहसा कुणी अडवत नाही.