तपास त्यांचा, खटला तुझा

पोरी, भिवंडीच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून रुजू होते आहेस, तर आधी पैरवी अंमलदारांशी ओळख करून घे. नारपोली, शांतीनगर, निजामपुरा, भोईवाडा, प्रत्येक ठाण्याचा माणूस तुला कोर्टात भेटेल. समन्स बजावणं, वॉरंट, साक्षीदार हजर ठेवणं, मुद्देमाल आणणं ही त्यांची कामं. पण ते तुझ्या हाताखालचे नाहीत, त्यांची ड्यूटी ठाण्यातून लागते.

कॅलिफोर्नियात जिल्हा सरकारी वकिलाच्या कार्यालयात त्याचे स्वतःचे तपास अधिकारी असतात, त्यांना अटकेचाही अधिकार असतो. आपल्याकडे तसं नाही. मी लागलो तेव्हा तर उलटंच होतं, आम्हीच पोलीस खात्याच्या ताब्यात. 1995 साली शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अभियोक्त्यांना पोलिसांपासून वेगळं काढून स्वतंत्र अभियोग विभागाखाली आणायला सांगितलं. पुढे 2000 मध्ये आर. सरलाच्या निकालात दुसरी बाजूही स्पष्ट झाली: दोषारोपपत्र पाठवायचं की नाही हे तपासी अंमलदाराने ठरवायचं, सरकारी वकिलाचं मत घेण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 20 ने पोलीस अहवाल तपासून पाहण्याचं काम अभियोग संचालनालयाकडे दिलंय. म्हणजे कागद तपास, उणीव लेखी कळव. जबाब कसा लिहायचा हे मात्र तू सांगायचं नाहीस.

उणीव म्हणजे काय ते धामणकर नाक्यावरच समजून घे. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे तिथल्या पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत कोसळली, झोपेतली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. नारपोली पोलिसांनी मालकावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. असा खटला सत्र न्यायालयात चालतो, तुझ्याकडे येणार नाही, पण धडा तुझ्याही कामाचा आहे. नुसता निष्काळजीपणा आणि सदोष मनुष्यवध यांत फरक पडतो तो माहिती असण्याने. जीव जातील हे आरोपीला ठाऊक होतं का? मग महापालिकेची नोटीस होती का, असली तर कोणाच्या सहीने पोचली, दुरुस्तीची तक्रार कोणी, कधी केली, हे कागद हवेत. पडलेल्या भिंतींचा पंचनामा कितीही लांबलचक असला तरी त्यातून हे कळत नाही. असा कागद राहिला तर दोषारोपपत्र येण्याआधी सांग. नंतरही त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193 खाली पुढचा तपास होतो, पण खटला सुरू झाल्यावर त्याला कोर्टाची परवानगी लागते आणि मुदत 90 दिवसांची.

आणि पत्ते! भिवंडीतले निम्मे खटले पत्त्यावर बुडतात असं मला नेहमी वाटत आलंय. यंत्रमागावरचा कामगार आज या खोलीत, सणाला गावी, परत आला तर दुसऱ्याच कारखान्यात. समन्स 'मिळून आला नाही' म्हणून परत येतं आणि सुटतो आरोपी. जबाबावर उत्तर प्रदेशातलं, बिहारमधलं, तेलंगणातलं गाव, तालुका, घरच्या कोणाचा तरी फोन आहे का, हे रिमांडच्या वेळीच अंमलदाराला विचार. सहज विचारलंस तर तो करतो, भर कोर्टात झापलंस तर पुढच्या तारखेला दिसायचाही नाही. त्याच्या डोक्यावर बंदोबस्त असतो, रात्रपाळी असते, हे लक्षात ठेव.

रिमांडला केस डायरी मागून वाच. दोषारोपपत्राच्या 60 आणि 90 दिवसांच्या मुदती संपण्याच्या तारखा स्वतःच्या वहीत लिहून ठेव, आठवण आपण करून द्यायची. साक्षीदाराला साक्षीआधी पढवू देऊ नकोस, पैरवीवाला करत असला तरी थांबव.

एक गोष्ट मात्र जड आहे. 1970 च्या मे महिन्यात इथे दंगल झाली, तिच्या चौकशीत न्यायमूर्ती मादन आयोगाने विशेष तपास पथकावरच पक्षपाताचा ठपका ठेवला. तपास एकीकडे झुकला की कोर्टात उभ्या राहणाऱ्याच्या हाती फार थोडं उरतं. तरी जे उरतं ते वापरायचं. आरोपीच्या बाजूचा एखादा जबाब डायरीत दिसला आणि दोषारोपपत्रात नसला, तर अंमलदाराला लेखी विचार, प्रत सहायक संचालकांकडे पाठव आणि उत्तराची वाट न बघता तो कोर्टाच्या नजरेला आणून दे.